जोडे शिवणारा पाद्री आणि नागपूरकडचे पंडित

२९ नोव्हेंबर १८०३. आमच्या हिवरखेडच्या शेजारी, अडगाव-सिरसोलीच्या शिवारात दिवस मावळताना लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांची फौज हरली. समोर होता आर्थर वेलस्ली, म्हणजे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पुढच्या पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. आपण चिखलदऱ्याला गेलो की ज्या पडक्या बुरुजांवर फोटो काढतो, तो हाच गाविलगड. शाळेतला इतिहास इथे संपतो.

पण या गोष्टीत दुसरा एक वेलस्ली आहे. आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता. विलायतेहून आलेली सोळा-अठरा वर्षांची पोरं थेट कारभाराला बसतात आणि त्यांना इथली एकही भाषा येत नाही, म्हणून त्यानं १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. धाकट्या भावानं वऱ्हाडात लढाई जिंकली, तेव्हा थोरल्याच्या कॉलेजात मराठी जाणणारे अधिकारी तयार करण्याची गरज आणखी वाढली. १८०४ च्या सुमारास तिथे मराठीचे वर्ग सुरू झाले. शिकवणारा कोण? मराठी मुलखात आयुष्यात कधीही पाऊल न टाकलेला एक इंग्रज. धंद्यानं मूळचा जोडे शिवणारा, पेशानं बाप्टिस्ट पाद्री. नाव विल्यम कॅरी.

मी हिवरखेडचा, इंजिनिअरिंग केलं, कोड लिहून पोट भरतो. धर्मप्रचार हा माझा विषय नाही आणि या लेखात मी कुणाच्या धर्माची वकिलीही करणार नाही. मला कॅरीत रस आहे तो वेगळ्या कारणानं. त्याला आयुष्यभर प्रवचनं द्यायची होती. लोकांच्या लक्षात मात्र तो राहिला शब्दकोश, व्याकरणं आणि छापखान्यामुळे. आणि त्यानं जी मराठी छापली, ती पुण्या-मुंबईची नव्हती. ती आपल्या बाजूची होती.

आधी मतदान, मग प्रवचन

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातल्या एका खेड्यात. बाप विणकर, नंतर गावातला शाळामास्तर. पोरगा चामड्याच्या कामाला लागला. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला.

बाप्टिस्ट म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ते मानत नाहीत. माणसानं मोठं होऊन, समजून-उमजून श्रद्धा कबूल करावी आणि मगच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, असं ते मानतात. दुसरी गोष्ट, त्यांच्यात प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते. वरून बिशप येऊन हुकूम देत नाही. कोणी प्रवचन करावं, हेसुद्धा मंडळीच ठरवते.

म्हणून १७८५ मध्ये ऑल्नी गावच्या मंडळीसमोर कॅरीची चाचणी झाली. त्यानं प्रवचन दिलं. मंडळीनं ऐकलं आणि सांगितलं, अजून थोडे दिवस करून दाखव, मग बघू. परवानगी मिळायला पुढचं वर्ष उजाडलं. मुलाखत देऊन आल्यावर ‘कळवतो’ असं ऐकलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना ही भावना नीट कळेल.

त्या काळात तो मोल्टन गावात शाळाही चालवत होता. तिथेही फार चमकला नाही. वर्गात शिस्त म्हणून नव्हती. मी शाळा सांभाळत नव्हतो, पोरंच मला सांभाळायची, असं तो पुढे गमतीनं म्हणे. पण भूगोल शिकवायला त्यानं चामड्याचे तुकडे शिवून पृथ्वीचा गोल केला आणि भिंतीवर जगाचा हातानं काढलेला नकाशा लावला. त्यावर देशोदेशींची लोकसंख्या, धर्म, चालीरीती लिहीत गेला. १७९२ मध्ये त्यानं जे छोटं पुस्तक काढलं, त्यात या माहितीचे तक्तेच्या तक्ते आहेत. देश, लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. आजच्या भाषेत सांगायचं तर माणसानं आधी एक्सेल शीट भरली आणि मग प्रवचन लिहिलं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी मूठभर पाद्री एका घरात जमले आणि बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिली वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला कॅरी बायको-मुलांसह कलकत्त्याला उतरला. कंपनी सरकारचा परवाना नव्हता. तो परत इंग्लंडला कधीच गेला नाही.

सात वर्षांत एक

पुढची सात वर्षं वाचताना अंगावर येतात. पैसे संपले. पोटासाठी त्यानं बंगालच्या उत्तर भागात मदनावटीच्या निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर तापानं गेला. बायको डोरोथीला हा प्रवास मुळात नकोच होता. मुलाच्या मृत्यूनंतर तिचं मन कायमचं बिघडलं. १८०७ मध्ये ती वारली, तोवर ती तशीच होती. शेजारच्या खोलीत ती आक्रोश करत असताना कॅरी भाषांतराला बसलेला असे, असं त्याचे चरित्रकार लिहितात आणि त्याच्या चिकाटीचं कौतुक करतात. मला तिथे कौतुक करता येत नाही. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, त्यामुळे नवऱ्याच्या ध्येयाची किंमत घरात कोण मोजत होतं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. डोरोथीनं लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली मारली होती. तिची बाजू लिहायला तिच्या हातात अक्षरच नव्हतं.

आणि या सगळ्यात प्रवचनाचं काय? कॅरी गावोगाव बोलत होता. लोक ऐकत होते, वाद घालत होते, हसत होते, घरी जात होते. पहिला बंगाली माणूस बाप्तिस्मा घ्यायला पुढे आला तो २८ डिसेंबर १८०० ला. कृष्ण पाल नावाचा सुतार. त्याचा निखळलेला खांदा मिशनच्या डॉक्टरनं बसवून दिला होता. म्हणजे सात वर्षांच्या प्रवचनांनंतर पहिला माणूस आला, त्यातही सुरुवात झाली ती खांद्यापासून.

तोवर मुक्काम सेरामपूरला हलला होता. सेरामपूर म्हणजे बंगालचं श्रीरामपूर, हुगळीच्या काठचं. ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून कंपनीचा हुकूम तिथे चालत नव्हता. जोशुआ मार्शमन हा शिक्षक, विल्यम वॉर्ड हा छापखानेवाला आणि कॅरी असे तिघे तिथे एकत्र राहू लागले. १८०५ मध्ये सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी मिळून एक करारनामा लिहिला आणि वर्षातून तीनदा तो सगळ्यांसमोर वाचायचं ठरवलं. प्रवचन कसं करावं याचा इतका रोखठोक विचार मी दुसरीकडे फारसा वाचलेला नाही. लोक काय मानतात, कशानं चिडतात, कसे बोलतात हे आधी शिका. त्यांच्या देवांची टवाळी करू नका, मूर्तींना हात लावू नका. आपल्या इंग्रजी सवयींनी लोक दुरावत असतील तर त्या सवयी सोडा. आणि शेवटी काम इथल्याच माणसांच्या हाती द्या, कारण परक्याच्या तोंडून ते कधीच पुरेसं पोचणार नाही.

कागदावर हे होतं. प्रत्यक्षात १८०७ मध्ये याच छापखान्यातून पैगंबरांची निंदा करणारं एक फारसी पत्रक बाहेर पडलं आणि गव्हर्नर जनरल मिंटोनं छापखाना कलकत्त्याला हलवा असा हुकूम काढला. तो कसाबसा मागे घेतला गेला. स्वतः लिहिलेला नियम स्वतः पाळणं अवघड असतं, हे दोनशे वर्षांपूर्वीही खरं होतं.

शिकवणारा आधी विद्यार्थी झाला

फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीला १८०१ मध्ये बंगाली शिकवायला घेतलं. पण तो सरकारी चर्चचा नव्हता, बाप्टिस्ट होता. म्हणून ‘प्रोफेसर’ हे पद नाही. काम तेच, पाटी वेगळी. प्रोफेसर व्हायला १८०७ उजाडलं आणि तेव्हा पगार महिना १००० रुपये झाला. घरखर्चापुरतं ठेवून बाकी सगळं मिशनच्या सामायिक तिजोरीत जाई. ज्या कंपनीनं त्याला प्रचाराची परवानगी दिली नव्हती, तिच्याच पगारावर त्याचं मिशन चालत होतं. दर आठवड्याला तो नावेनं कलकत्त्याला जाई, वर्ग घेई आणि सेरामपूरला परत येई.

आता मराठीकडे येऊ. मराठी मुलूख न पाहिलेला माणूस मराठी शिकवणार कशी? कॉलेजात प्रत्येक भाषेसाठी पंडित नेमलेले असत. मराठीचे मुख्य पंडित होते वैजनाथ शर्मा, नागपूरकडचे. कॅरी त्यांच्यासमोर बसून शिके, प्रश्न विचारी, लिहून घेई आणि मग वर्गात जाऊन साहेबांच्या पोरांना शिकवी. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण आलं. त्यात रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते. त्याच वर्षी मत्तयचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यासाठी मोडी लिपीचे टाईप पाडले होते. १८११ मध्ये नवा करार पूर्ण झाला. वैजनाथ शर्मांच्या नावावर ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही मोडीत छापलेली पुस्तकं आहेत, १८१४ ते १८१६ च्या काळातली. रघोजी भोसल्यांची वंशावळीही याच मालिकेत निघाली.

जरा नकाशा समोर आणा. त्याच काळात तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात देवनागरी मराठी छापली जात होती. म्हणजे देवनागरीतली छापील मराठी पहिल्यांदा दिसली ती एकीकडे तमिळ मुलखात आणि दुसरीकडे हुगळीच्या काठावर. पुणं, मुंबई, नागपूर यांत कुठेच नाही. मोडीचं तर आणखी एक आहे. कॅरीच्या छापखान्यानं मोडीचे खिळे धातूत पाडले १८१० च्या आसपास. संगणकावर मोडीला स्वतःची जागा मिळाली ती २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत. मधली दोनशे वर्षं आपण ही लिपी वापरली, मग सोडली, मग विसरलो.

या पुस्तकांवर मोठं नाव असतं कॅरीचं. व्याकरणाच्या प्रस्तावनेत तो वैजनाथांचं ऋण मानतो, पण इतिहासाच्या तळटीपांत पंडित मागे पडतात. आमच्या धंद्यात याला उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. रिलीजवर एकाचं नाव येतं, आणि कोणत्या शब्दाचा काय अर्थ हे रात्री फोनवर सांगणारा दुसराच असतो.

आग

११ मार्च १८१२ ला संध्याकाळी सेरामपूरचा छापखाना पेटला. कागदाचा साठा, कितीतरी भाषांचे टाईप, हस्तलिखितं सगळं जळालं. अनेक भारतीय भाषांचे शब्द एकाखाली एक मांडणारा बहुभाषी कोश कॅरीनं जवळपास पूर्ण केला होता, तोही गेला. बॅकअप नावाची गोष्ट नव्हती. हस्तलिखित म्हणजे एकच प्रत.

यंत्रं वाचली. राखेत टाईपचे मूळ ठसे आणि साचे सापडले, त्यामुळे खिळे पुन्हा पाडता आले. कारागीर काही आठवड्यांतच कामाला लागले. विलायतेत बातमी पोचल्यावर दोनेक महिन्यांत १०,००० पौंड जमले. आगीनंतरच्या रविवारी कॅरीनं प्रवचन दिलं, ते शेहेचाळिसाव्या स्तोत्रावर, स्तब्ध राहून देवाला ओळखण्याच्या वचनावर. माझ्या मते त्याचं सगळ्यात खरं प्रवचन तेच असावं. कारण समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं की बोलणाऱ्याचं काय जळालंय, आणि सोमवारी तो पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करणार आहे.

रविवारची आणखी एक गोष्ट आहे. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि बंगाली भाषांतरासाठी सरकारी कागद कॅरीकडे आला, नेमका रविवारी सकाळी, तो प्रवचनाला निघायच्या वेळी. त्यानं प्रवचन दुसऱ्याला द्यायला सांगितलं. पंडिताला बोलावून दिवसभर बसला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर संपवलं. एका दिवसाच्या उशिरानंही कुणाचा तरी जीव गेला असता. व्यासपीठ की टेबल, असा प्रश्न आला तेव्हा या पाद्र्यानं टेबल निवडलं.

हिशेब कोणी विचारायचा

पंथाची, संस्थेची सेवा म्हटली की हार-तुरे डोळ्यांपुढे येतात. कॅरीच्या वाट्याला वेगळं आलं. सोसायटीचा पहिला चिटणीस अँड्र्यू फुलर त्याचा जिवलग होता. त्याचा विश्वास हाच करार होता. १८१५ मध्ये फुलर गेला. नवी कमिटी आली, जिनं कॅरीला कधी पाहिलंही नव्हतं. तिनं विचारलं, सेरामपूरच्या जमिनी, इमारती, छापखाना नक्की कोणाच्या नावावर? पैसा कसा खर्च होतो? भारतात आलेल्या तरुण मिशनऱ्यांचंही या म्हाताऱ्यांशी पटेना. त्यांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली.

दोन्ही बाजूंना आपापलं खरं होतं. वर्गणी देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क आहे. आणि पगाराचा रुपया न् रुपया तिजोरीत टाकणाऱ्या माणसाला, ज्यांनी कधी हुगळीचा उन्हाळा पाहिला नाही त्यांनी जाब विचारणं झोंबणारच. कॅरीनं पत्रांतून वेदना मांडली, पण मालमत्ता स्वतःसाठी कधीच नव्हती, या मुद्द्यावरून तो हलला नाही. १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत सेरामपूरचा पैसाही गेला. ९ जून १८३४ ला कॅरी वारला. दोन्ही पुन्हा एक झाले १८३७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ज्या संस्थेची स्थापना त्यानं केली, तिच्याबाहेर राहूनच तो गेला.

मंडळीनं मत देऊन माणूस निवडावा, हा बाप्टिस्टांचा गुण. मंडळीच हजारो मैल दूर असली आणि माणसाला ओळखतच नसली, तर तोच गुण कसा उलटतो हे इथे दिसतं.

कोणाची मराठी?

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा प्रपंच, ती. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांच्याकडे सेरामपूरचा मराठी नवा करार होता. तो त्यांना चालेना. ही भाषा आमच्या लोकांची नाही, असं त्यांना वाटलं. नागपुरी वळणाची भाषा कोकण-मुंबईच्या कानाला परकी लागणारच. त्यांनी नव्यानं भाषांतर केलं आणि १८२६ मध्ये मुंबईचा नवा करार निघाला. पुढे १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश मुंबईत छापला गेला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. छापखाना, शाळाखातं, कचेरी सगळं पश्चिमेला एकवटलं आणि तिथली मराठी ‘शुद्ध’ ठरली. नागपूरकडच्या पंडितानं सांगितलेली मराठी अडगळीत गेली. ती चुकीची ठरली, कारण ती सत्तेपासून लांब होती.

हे आपल्याकडे पहिल्यांदा झालं नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभावांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं. पंथाचं ज्ञान संस्कृतात नव्हे, साध्या बायामाणसांच्या मराठीतच राहावं, हा त्यांचा आग्रह. तेही ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत बंद राहिले आणि विसाव्या शतकात उघडले. आपल्या बाजूची मराठी धर्मप्रचारानं दोनदा पानावर आणली आणि दोन्ही वेळा ती कडेला पडली.

याचं आज काय? पुण्यात नोकरीला लागल्यावर माझं ‘मले’ पहिल्या आठवड्यात ‘मला’ झालं. ‘काहून’ तर मीटिंगमध्ये कधी निघालंच नाही. आमच्याकडची बरीच पोरं हे करतात, कुणी सांगावंही लागत नाही. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा दिसला की थिएटर हसायची तयारी करतं. या भाषेत व्याकरण समजावलं गेलं होतं, कोश घडला होता, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

मला कॅरीची गोष्ट मोलाची वाटते ती या ठिकाणी. त्याच्याकडे सत्ता होती, छापखाना होता, तरी तो पंडितासमोर विद्यार्थी म्हणून बसला. समोरच्याची भाषा चुकीची आहे असं न म्हणता ती जशी आहे तशी लिहून घेतली. ज्याला बदलायला आला होता, त्याच्याकडून आधी शिकावं लागलं, आणि या शिकण्यातून जे उरलं ते त्याच्या प्रवचनांपेक्षा जास्त टिकलं.

आणि करारनाम्यातलं शेवटचं कलम, की इथल्याच माणसाच्या तोंडून बोललेलं पोचतं, ते खरं करून दाखवलं एका वेगळ्याच माणसानं. त्याला बाप्टिस्ट माहीत नव्हते, त्यानं पुस्तक लिहिलं नाही, पंथ काढला नाही, शिष्य केला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनाला उभं राहायचं. अस्सल वऱ्हाडीत समोरच्यांना प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. मुंबईच्या गर्दीनंही ते ऐकलं, आणि तिथे कुणी ‘मले’चं ‘मला’ करा म्हटलं नाही.

वैजनाथ शर्मांचं चित्र नाही, पुतळा नाही. त्यांच्या नावाचा रस्ता मी तरी पाहिलेला नाही. हा मजकूर ज्या देवनागरी अक्षरांत तुम्ही फोनवर वाचताय, त्या अक्षरांत मराठी छापायला ज्यांनी पहिल्यांदा घेतली त्यांपैकी ते एक. पुढच्या वेळी कुणी तुमच्या बोलण्यावर हसलं, तर त्यांचं नाव सांगा.